आधी घड्याळ बघा

रविवार, संध्याकाळ

शाळेत घंटा द्यायची पाळी आली की शहनाज आणि मी दोघी मिळून दोरी ओढायचो. सिस्टर मागून म्हणायच्या, आधी घड्याळ बघा. आज ते सारखं आठवतंय.

काल कॉम्प्युटरचं अपडेट झालं आणि आज एकही पान उघडेना. दरवेळी तेच, कनेक्शन सुरक्षित नाही. वायफाय बंद करून चालू केलं, मग कॉम्प्युटरही. फोनवर मात्र सगळं चालत होतं. पाच वाजता सिस्टर गोव्याहून व्हिडिओवर येणार होत्या. महिन्यातून एकदाच येतात, आणि आता नव्वदीच्या झाल्या. फोनवर जमलं असतं, पण शहनाजच्या डोळ्यांना एवढ्याशा पडद्यावर चेहरा दिसत नाही. तिच्यासाठीच तर हा मोठा पडदा घेतला.

शेवटी तीच पडद्याला नाक लावून बसली. कोपऱ्यातल्या घड्याळावर बोट ठेवून म्हणाली, “अगं, तुझा कॉम्प्युटर अजून करोनाच्या आधीच बसलाय की. तेव्हा आपले गुडघे तरी धड होते.”

तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. मला कशी दिसली नाही? तारीख चुकली की कॉम्प्युटरला कुठलंच पान खरं वाटत नाही म्हणे. ती बरोबर केली आणि पान उघडलं.

सिस्टरना सांगितलं तर हसल्या. “अजून घड्याळ बघत नाही तुम्ही मुली.” शहनाजने त्यांना डोळे भरून पाहिलं.

उद्या सिस्टरना शेंगाचटणी पाठवायची, तिखट बेताचं. आणि मुलाला सांगून ठेवायचं, माझ्यामागे हा कॉम्प्युटर शहनाजला द्यायचा. देताना आधी घड्याळ बघायचं.