वत्सलेच्या पायांविषयी सविस्तर अहवाल

मुरबाड,
दि. २८ जानेवारी १९५९

तीर्थस्वरूप जयराममामा यांस,

कुंडलिकचा साष्टांग नमस्कार. (दोन्ही गुडघे आखडल्यामुळे तो उभ्यानेच घातला आहे, पण आठही अंगे त्यात आहेत असे धरून चालावे.) आईची प्रकृती तिच्या स्वभावाला साजेशी आहे; म्हणजे तिला काही होत नाही, जे काय व्हायचे ते घरातल्या इतरांना होते. तुमच्या दम्याला शहापूरची थंडी मानवत नाही हे वाचून वाईट वाटले. गेल्या वर्षी उन्हाळा मानवत नव्हता. तुम्हाला मानवेल असा एखादा ऋतू निघाला की कळवावे.

तुमचे पत्र पोचले. वत्सला गेले चार महिने आमच्याकडे राहून नेमके काय करते, तिचे नाचाचे खूळ सुटले की वाढले, हे भीडभाड न ठेवता कळवावे, त्यावरून सोमवारी येऊन तिला न्यायचे की नाही ते तुम्ही ठरवाल, आणि खर्डीचे ते लाकडाचे व्यापारी बिजवर असले तरी सुस्थितीत असून, नाच सुटल्याची खात्री पटल्यास लग्नाला तयार आहेत, असा तुमच्या पत्राचा आशय. मामा, भीडभाड न ठेवण्याचे काम तुम्ही योग्य माणसाकडे सोपवले आहे. माझ्या, म्हणजे चिटणीसाच्या, तोंडामुळे सहकारी भातगिरणीचे तीन सभासद राजीनामा देऊन गेले, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तेव्हा मुळापासून लिहितो. बर्फ म्हणजे काय हे आपल्याकडे फक्त लग्नघराला कळते. तो कल्याणहून तुसात गुंडाळून निघतो, मुरबाडला पोचेपर्यंत निम्मा होतो आणि पंगत बसेपर्यंत नुसते तूस उरते. इंग्लंडात हाच पदार्थ मोठ्या छपराखाली जमिनीसारखा पसरतात, आणि चांगली शहाणीसुरती माणसे बुटाच्या तळाला सुरी लावून त्याच्यावर उभी राहतात. इतके करून पडली नाहीत तर नाचतात. त्यातही दोन पंथ आहेत. एका पंथात उड्या मारतात. वत्सलेचा पंथ सोवळा. त्यात उडी नाही, बाईला डोक्यावर उचलणे नाही, एका बाईने आणि एका बाप्याने जोडीने घसरत राहायचे, तेही ठरल्या सुरावर. जोडीदाराचा हात सोडायचा तो पकड बदलण्यापुरता. त्याहून जास्त वेळ सोडला की गुण कापतात. गुण सहापैकी. नाच संपला की पिकलेल्या मिशांचे परीक्षक बर्फावर ओणवे होऊन सुरीच्या रेघा तपासतात, तलाठी बांध तपासतो तसे. आणि ज्या देशाने दीडशे वर्षे आपल्यावर राज्य केले तो हाच, हे वाचताना विसरू नये.

तुम्ही मुलीला विलायतेत परिचारिका व्हायला पाठवलेत. ती झालीही. पण इस्पितळाची पाळी संपली की ती बर्फावर जाऊ लागली, आणि तिथे हॅरल्ड नावाचा, दिवसा पोस्टात तिकिटे विकणारा इसम तिला जोडीदार म्हणून मिळाला. त्याचा हात तिच्या कमरेला असलेला फोटो तिने पाठवला तेव्हा तुम्ही आठ दिवस जेवला नव्हतात. (मामींच्या म्हणण्याप्रमाणे दोन दिवस, आणि तेही फक्त भात.) मामा, तुम्ही हात पाहिलात, चेहरा पाहिला नाहीत. पुरात वाहून चाललेला माणूस ओंडका धरतो तसा त्याने तिला धरले आहे. तो फोटो मी नीट पाहिला आहे. पाचसहा वेळा. एकदा भिंगातून.

स्पर्धा झाल्या. पहिल्या वर्षी चौदा जोड्यांत नववी, दुसऱ्या वर्षी बारांत सातवी. तिसऱ्या वर्षी गुडघा निखळला, आणि हॅरल्डने आठवड्याच्या आत दुसरी जोडीदारीण घेतली. पोस्टातला माणूस, एक तिकीट खराब झाले की दुसरे फाडायचे. मग वत्सला काठाच्या बाकावर बसून दुसऱ्या जोड्यांचे नाच बसवू लागली, आणि तिने बसवलेली एक जोडी कुठेशी दुसरी आली. स्वतःच्या पायांनी सातवी आणि परक्या पायांनी दुसरी. सरकारी खात्यात याला बढती म्हणतात.

हे सगळे टळले असते, असे तुम्ही प्रत्येक पत्रात लिहिता, आणि कोणामुळे टळले नाही ते लिहीत नाही, हा तुमचा मोठेपणा. अठ्ठेचाळीस साली तुम्ही आणि आईने माझ्यासमोर सुपारी फोडण्याची गोष्ट काढली होती. मी 'विचार करून सांगतो' म्हणालो. विचार करणे हे माझे एकमेव व्यसन. वत्सला वर्षभर थांबली आणि बोटीत बसली. मी अजून विचार करतो आहे.

असो. गेल्या वर्षी ती परत आली, शहापुरात लोक तिचे पाय बघायला पाणी मागण्याच्या निमित्ताने येऊ लागले, आणि आईने स्वतःच्या गुडघ्यांचे कारण काढून तिला मुरबाडला बोलावून घेतले, इथवर तुम्हाला माहीत आहे. पुढचे असे.

एकदा दुपारी आईने तिच्याकडे माझा डबा देऊन तिला गिरणीवर पाठवले. खळ्यावर भात पसरले होते. वाळत घातलेले भात दर तासाला परतावे लागते, आणि वाडीवरच्या बाया ते पायांनी परततात. पाय उचलायचा नाही, टाच घासत भातातून जायचे, मागे दोन चर उठतात, टोकाला पोचले की अंग वळवून शेजारून परत. बुधी आणि सरू हे काम आमच्याकडे दहा वर्षे करताहेत आणि दहा वर्षांत मी त्याच्याकडे एकदाही पाहिले नव्हते. वत्सला डबा हातात घेऊन उभी राहिली ती राहिलीच. मग म्हणाली, "पुन्हा करा."

"यात काय बघायचं बाय?" बुधी म्हणाली. "भात वाळवतो आमी. तुमच्या विलायतेत वाळवीत नाय काय?"

यावर तुमच्या मुलीने डबा जमिनीवर ठेवला, ती ओणवी झाली आणि भातातल्या चरांवरून बोट फिरवू लागली. बुधी सरूला म्हणाली, "चिटणीसांच्या पावणीचं काय तरी हारपलंय गो. बघू लाग." दोघी खरोखर शोधू लागल्या. डब्यातली आमटी मांजराने खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून रोज चार वाजता सहा बाया आणि सहा हमाल खळ्यावर. एक जोडी या टोकाला, एक त्या टोकाला, चरांची वर्तुळे, वर्तुळांत वर्तुळे. वत्सला काठी घेऊन मध्ये. पायाच्या आतल्या कडेवर वजन, आता बाहेरच्या कडेवर. लडकू हमालाला ते समजेना. तो म्हणाला, "बाय, रिकाम्या पाठीनं आमाला नाय समजत. दोन मणाचं पोतं द्या, मंग वजन कुठं टाकायचं ते पाय सोताच सांगतील." माझी अपेक्षा होती की ती रागावेल. तिने पोते द्यायला लावले. लडकू पोते घेऊन असा वळला की ती खाली बसली, आणि आठ दिवस सगळ्या हमालांना पाठीवर पोती देऊन नाचवले. आमचे अध्यक्ष चांगो शेठ हा तमाशा बंद पाडायला आले होते. त्यांनी मूठभर भात दाताखाली धरले, चार दाणे फोडून पाहिले आणि मला बाजूला घेतले. "चिटणीस, असं एकसारखं वाळलेलं भात बापजन्मात नाय पाह्यलं. भरडताना तुकडा पडायचा नाय. नाचू दे त्यांना, तुमी मधी पडू नका." कलेला इतका उदार आश्रय आपल्या तालुक्यात पूर्वी मिळाला नसेल.

मी मध्ये पडलो नाही. मी कचेरीच्या खिडकीतून रोज दोन तास तिरस्कार करीत असे. त्यासाठी कामे तीनलाच उरकू लागलो.

आता म्हसा गावच्या जत्रेचे, कारण खरी अब्रू तिथे गेली. ठाण्याहून आलेल्या एका साहेबांनी या वर्षी जत्रेत लोकनृत्यांची स्पर्धा ठेवली होती. बैलबाजाराच्या कडेला मंडप, टेबल, तीन परीक्षक, पेल्यांवर झाकण्या. बाकीची मंडळे ढोल, मोरपिसे, रंगीत फेटे घेऊन आली. आमचे मंडळ आठ पोती भात घेऊन आले. ते मैदानात पसरेपर्यंत साहेबांनी दोनदा विचारले की नाच कधी सुरू होणार आणि हा माल कोणाचा. तेवढ्यात कळले की बारावा गडी देवजी बैल बघायला म्हणून गेला तो सौद्यात अडकला. गडी कमी. वत्सलेने मागे वळून पाहिले. तिथे एक बेचाळीस वर्षांचा, चष्मा लावणारा, खिशाला दोन टाक अडकवलेला मनुष्य उभा होता. त्याला तिने दंडाला धरून भातात ओढले. देवजीची जोडीदारीण सरू त्याला पाहून म्हणाली, "मी नाय बाय. हा मानूस माझी बोटं चेचील." तेव्हा स्वतः वत्सलेला त्याच्याबरोबर उभे राहावे लागले, त्या गुडघ्याने. तो मूर्ख कोण, याची चौकशी आपण करू नये.

ढोल नव्हता. नुसता भाताचा सरसर आवाज, बारा जणांचा एकाच वेळी, आणि बारा जण एकाच वेळी वळले की तो क्षणभर थांबे. माझ्यासारख्याला हे आवडण्याचे काही कारण नाही, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आणि इथे आपली माणसे ती आपली माणसे. वैशाखरे गावची एक म्हातारी कडेवर आजारी नातू घेऊन मंडपापाशी थांबली. नवे भात, त्यात वर्तुळे, अनवाणी माणसे मुकाट्याने फेऱ्या घालताहेत. जत्रेत याचा एकच अर्थ होतो. तिने हात जोडले, भातात शिरली आणि बुधीच्या मागे टाचा घासत चालू लागली. तिच्या मागे तिची सून. मग एक नवरानवरी. जत्रेत माणूस आधी रांगेत उभा राहतो, देव कोणता ते मागाहून विचारतो. दहा मिनिटांत तीनशे माणसे आत होती. मधोमध नारळ फुटला, कोणी हळदकुंकू टाकले. साहेबांनी एका म्हाताऱ्याला विचारले की हे दैवत कोणते, तर तो शांतपणे म्हणाला, "जागृत हाये. बूट काढा." साहेबांनी बूट काढले. परीक्षकांनी वहाणा काढल्या. गुण द्यायला टेबलाशी कोणी उरले नाही, आणि मग निकाल असा लागला की धार्मिक विधीला स्पर्धेत घेता येत नाही. म्हणजे इंग्लंडात सातवी, म्हशात क्रमांकच नाही.

वत्सला तिथेच भातात बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "कुंडलिक, तिकडे हजारो लोक बघायला येत. बर्फावर पाऊल ठेवायला कधी एकही आला नाही." मी म्हणालो, त्यांना अक्कल होती. ती आणखी हसली.

तेव्हा मामा, खूळ सुटले का, तर नाही. वाढले, आणि साथीसारखे पसरले. हमाल पोते घेऊन वळताना आता एकमेकांच्या कडा तपासतात. आई चुलीपासून ओसरीपर्यंत टाच घासत येते आणि वळणावर थांबून माझ्याकडे बघते. माझ्या घरात सरळ चालणारे कोणी उरलेले नाही. तुम्ही विचारलेत म्हणून निःपक्षपातीपणे सांगतो की या मुलीला सोमवारी येऊन घेऊन जाणे हेच सर्वांच्या हिताचे होईल.

आपला आज्ञाधारक भाचा,
कुंडलिक

ता.क. सोमवारी खर्डीच्या व्यापाऱ्यांना बरोबर आणू नये. ते म्हशाच्या बाजारात भेटले. एका बैलाचा जबडा उघडून दात मोजत होते. तो जबडा न सोडताच त्यांनी मला विचारले की मुलीचा पाय कायमचा अधू आहे की काम करण्याइतका बरा होईल. मी सांगितले की कायमचा आहे आणि वाढतो आहे. ते आता तयार नसावेत.

दुसरा ता.क. मागे आईसाठी पाठवलेले गुडघ्याचे तेल संपले. आणखी पाठवावे. आईला नको आहे. तसेच वत्सलेची लोखंडी पेटी तुमच्या माडीवर आहे, तीही येताना आणावी. तिच्यात ते सुरीचे बूट आहेत. मुरबाडला त्यांचा काही उपयोग नाही हे मला कळते. मी भिंतीला खिळा मारून ठेवला आहे.

तिसरा ता.क. आई शेजारी बसली आहे आणि पुढील मजकूर तिचा आहे, माझा नव्हे. "दादा, तुझ्या भाच्याला लिहिता येतं, बोलता येत नाही. तू येताना सुपारी घेऊन ये. इथल्या दुकानात मिळते, पण ती तुझ्या हातची लागते." मी आईला म्हटले, वत्सलेला विचारल्याशिवाय हे लिहिणे बरोबर नाही. म्हणून हे पत्र तिला वाचायला दिले.

चौथा ता.क. तिने ते ओसरीवर बसून पूर्ण वाचले आणि सहापैकी अडीच गुण दिले. गिरक्या फार आहेत आणि मुद्दा शेवटी आला म्हणाली. मी विचारले, गुण नेमके कशाचे कापलेस. तर म्हणते, हात सोडायचा तो पकड बदलण्यापुरता, हे तूच वर लिहिलं आहेस. दहा वर्षं लागत नाहीत त्याला.

तरी मामा, सुपारी आणावी.