इद्रीसचा उत्तरपक्ष

१९ जानेवारी, सोमवार

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली, रस्ते मोकळे झाले, वर्ग पुन्हा भरला. सहा विद्यार्थी, सहाही परदेशांतून आलेले. जूनमध्ये इथल्या महाविद्यालयांत प्रवेश घ्यायचा, तर त्याआधी इंग्रजी पक्के करणे भाग आहे. भवानी पेठेत चादरींच्या दुकानावरची माडी, भिंतीपलीकडे यंत्रमाग. माझा आवाज त्यांच्यावर चढत नाही, म्हणून मुलांना पुढे सरकून बसावे लागते. लक्ष राहते. गैरसोयीचा एवढा उपयोग.

वर्ग चालवणारा सचिन करमाळ्याचा, माझाच जुना विद्यार्थी. तर्कशास्त्रात काठावर उत्तीर्ण. मी निवृत्त झाल्यावर म्हणाला होता, "म्याडम, घरी बसून भिंतीसंगं वाद घालणार का? या की आमच्याकडं." विधान उद्धट; अनुमान बरोबर.

शनिवारचा नियम आज सांगितला. ज्या मताचा तुम्हाला सर्वांत जास्त राग, तेच मत तुम्ही मांडायचे, आणि ते त्या माणसाच्या तोंडून 'मी' म्हणून मांडायचे. इतके नेकीने, की तो समोर असता तर म्हणाला असता, "हो, मला हेच म्हणायचे होते." हा पूर्वपक्ष. त्याचे खंडन, म्हणजे उत्तरपक्ष, मांडणाऱ्यानेच पुढच्या शनिवारी करायचे. प्रतिपक्षाचे म्हणणे नीट सांगता न येणे हाच वादातला पराभव, असे जुने शास्त्र मानते. भाषा शिकायला यापेक्षा चांगला व्यायाम मला ठाऊक नाही.

मुलांना नियम विचित्र वाटला. वाटू दे.

२४ जानेवारी, शनिवार

पहिला मान नीमाचा. टांझानियाची, हसते तेव्हा माग थांबल्यासारखे वाटतात. विषय: वसतिगृहाच्या रेक्टरबाई आणि 'सातच्या आत खोलीत'. नीमाने पदर खोचल्याचा अभिनय केला आणि रेक्टरबाईंची बाजू मांडली. परक्या देशातली मुलगी, तिच्या बापाला मी काय उत्तर देऊ, वगैरे. हेतू शुद्ध, दृष्टान्त चपखल. संपल्यावर सुदानचा इद्रीस गंभीरपणे म्हणाला, "रेक्टरबाई बरोबर आहेत. तू साडेसहालाच परत जा."

नीमा माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमची ही पद्धत धोक्याची आहे. मी भांडायला निघाले होते आणि त्यांची वकील होऊन आले."

सगळे हसले. मीही, बहुधा.

३० जानेवारी, शुक्रवार

मेहरुनचाची वर्गावर आल्या. इद्रीस त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहतो. जिना चढून धाप लागलेली, तरी बसल्या नाहीत. "बाई, तुमी बोलो उसको. चार दिन से बच्चा खाना नै खारा. फोन पकड़को बैठता खाली. मैं बोली रोटी ठंडी होरी, तो बोलता 'हौ चाची', और उठताच नै."

तास संपल्यावर इद्रीसला थांबवले. त्याने सांगितले ते क्रमाने लिहिते.

गाव युद्धाच्या टापूत. वडील लहानपणीच गेले. थोरला भाऊ उस्मान बायकोमुलांना घेऊन इजिप्तला पोहोचला. आई 'घर सोडणार नाही' म्हणून मागे राहिली. आता उस्मान रोज फोनवर: माझ्यामागे लेकरे आहेत, तू एकटा आहेस, जा आणि आईला बाहेर काढ. आईचा फोन क्वचित लागतो. लागला की ती एकच सांगते: येऊ नकोस. शीक.

मी विचारले, "तुझे मत?"

"भाऊ भित्रा आहे. स्वतः तिला टाकून गेला आणि आता मला पाठवतो. मी जाणार नाही."

मत स्पष्ट. मग जेवत का नाही, हे विचारायचे राहिले.

सचिनला विचारून घेतले. इद्रीस, यापुढे नुसता इ., एकदा देशाबाहेर पडला की व्हिसा संपला, जूनचा प्रवेशही. आणि त्याच्या गावाकडे जाणाऱ्या तरुणांना कुठल्या ना कुठल्या बाजूचे सैनिक उचलतात, हे इ. स्वतःच सांगतो.

४ फेब्रुवारी, बुधवार

वह्या तपासत होते. इ. टेबलाशी उभा.

"मॅडम, आई 'येऊ नकोस' म्हणते, तेव्हा तिला काय म्हणायचे असते?"

मला मुलगा आहे एवढेच त्याला ठाऊक; पुढचे ठाऊक असण्याचे कारण नाही. माझे यजमान वसंतराव गेले तेव्हा निखिलने कॅनडातून विचारले होते, "येऊ का?" मी म्हणाले होते, विधी उरकले आहेत, आता येण्याचे प्रयोजन नाही. विधान सत्य होते. तो आला नाही.

इ.ला म्हणाले, "तेच म्हणायचे असते. येऊ नकोस."

त्याने मान डोलावली. वह्यांत त्यानंतर दोन चुका माझ्या नजरेतून सुटल्या. नीमाने उद्धटपणे दाखवून दिल्या.

७ फेब्रुवारी, शनिवार

पुढच्या शनिवारी इ.ने उस्मानचा पूर्वपक्ष मांडावा, असे सांगितले. वर्गाला प्रकरण ठाऊक आहे, लपवण्यासारखे काही नाही. माझा विचार असा: जो युक्तिवाद फोनवरून रोज तुकड्यातुकड्याने कानांवर आदळतो, तो अजिंक्य वाटतो. तोच एकसंध मांडला की त्यातला हेत्वाभास दिसतो. एकदा दिसला की मुलगा जेवेल आणि इथे राहील.

सचिनला हे पटले नाही. "म्याडम, कशाला काडी घालताय? पोरगं न्हाय म्हणतंय न्हवं जायला? मग गप बसा की."

"तो नाही म्हणतो, पण त्याला कारण सापडलेले नाही."

"कारण न्हाय म्हणूनच त्येचं 'न्हाय' टिकलंय."

त्याला काठावर उत्तीर्ण केले होते, ते योग्यच होते असे तेव्हा वाटले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

जमेल तितके शब्दशः. तो इंग्रजीत बोलला, कागद न घेता.

"मी उस्मान. मी भित्रा आहे. हे मी आधीच मान्य करतो, म्हणजे इद्रीसचा वेळ वाचेल. भित्र्या माणसाचे म्हणणे खोटेच असते, असे त्याच्या बाई शिकवत नाहीत.

"मी गाडीत आईची जागा राखली होती. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, जा. मी ते खरे मानले, कारण खरे मानणे मला सोयीचे होते. गाडी वळेपर्यंत ती आत गेली नाही. तुम्ही जावे असे ज्याला वाटते, तो दार लावून घेतो.

"आता ती इद्रीसला म्हणते, येऊ नकोस. तोही ते खरे मानतो. मी जे एकदा केले ते तो रोज करतो आहे, आणि मला भित्रा म्हणतो आहे."

इथे तो थांबला. पुढच्या वाक्यांत त्याने उस्मानचे सोंग टाकले. नियमभंग होता, मी टोकले नाही.

"मी एका आईला विचारले, आई 'येऊ नकोस' म्हणते तेव्हा तिला काय म्हणायचे असते. त्या फार हुशार आहेत. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी तयार असते. या प्रश्नाला त्यांना वेळ लागला. उत्तर मी ऐकले नाही. तो वेळ ऐकला."

तो खाली बसला. माग चालूच होते. तरी एकही शब्द बुडाला नव्हता.

नीमा रडत होती. सगळे माझ्याकडे पाहत होते. उत्तर न सुचणे याला शास्त्रात 'अप्रतिभा' म्हणतात. पराभवाच्या स्थानांपैकी एक. मी म्हणाले, "वर्ग संपला."

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून दोष शोधते आहे. वक्ता स्वार्थी आहे, हे खरे. पण वक्त्याच्या चारित्र्याने विधान खोटे ठरत नाही. हे मीच सबंध नोकरीभर फळ्यावर लिहीत आले. आईचा शब्द हे आप्तवाक्य, विश्वासाच्या माणसाचे म्हणून प्रमाण, पण आप्त स्वतःच्या हिताविरुद्ध मुलाच्या हिताचे बोलत असेल तर...

निखिलचा नेहमीचा रविवारचा फोन. हवा, गुडघे, औषधे. मुलाचे म्हणणे इतके सुसंबद्ध असते की त्यात शिरायला फट नाही. कोणाकडून शिकला, हे उघड आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

इ.ने तिकीट काढले. गुरुवारी सकाळच्या गाडीने मुंबई, तिथून विमानाने सुदानातले बंदराचे शहर, पुढे रस्ता.

सचिन दार लोटून आत आला. एवढ्या वर्षांत प्रथमच माझ्यावर आवाज चढवला. "झालं समाधान? तुमचं खरं असतंय वो म्याडम, कायम खरं असतंय. पर पोरगं चाललंय की मराया!"

मी म्हणाले, मी बोलते त्याच्याशी.

इ. मागल्या बाकावर बसला होता. मी समोर बसल्यावर म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला सांगा, जाऊ नकोस. कारणे देऊ नका. नुसते सांगा."

मी कारणे दिली. व्हिसा. जूनचा प्रवेश. रस्ता. तो आईपर्यंत न पोहोचण्याची शक्यता. पोहोचूनही तिने न निघण्याची शक्यता. आणि मग तिचे दोन्ही मुलगे गमावणे. प्रत्येक मुद्दा स्वतंत्र, एकही दुसऱ्यावर अवलंबून नाही. आज लिहिताना वाचते आहे, मांडणी निर्दोष आहे.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग हळू म्हणाला, "सगळी कारणे बरोबर आहेत, मॅडम."

आणि उठला.

दारातून वळून म्हणाला, "माझा उत्तरपक्ष राहिला. आल्यावर देईन."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज पहिला रोजा. चाचींनी पहाटे त्याला जेवू घातले. स्टेशनवर त्याच सांगत होत्या, "दो रोटी ज्यादा खाया बाई. हँसको खाया. मेरेकू डर लगा वो देखको." पिशवीत त्यांनी खजूर आणि शेंगाचटणीची पुडी दिली. "इफ्तारी को खोलना. अम्मा को बी चखाना."

"हौ चाची."

सचिनने सामान चढवले, उतरून त्याची पाठ थोपटली, आणि चहाच्या गाड्याकडे निघून गेला.

इ.ने माझ्यापुढे हात केला. मी हातात घेतला. थंड होता. त्याला एक शब्द हवा होता, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होते. मी म्हणाले, "पोहोचल्यावर कळव."

निर्जीव वाक्य. कुणालाही म्हणता येईल असे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

नियमाप्रमाणे आज त्याचे खंडन. त्याऐवजी उतारा वाचून प्रश्नोत्तरे घेतली. कोणी पूर्वपक्षाचे नाव काढले नाही. त्याच्या जागेवर नीमाने दप्तर ठेवले होते. मग उचलून पायाशी ठेवले.

३ मार्च, मंगळवार

बंदराच्या शहरातून त्याचा निरोप आल्याचे कळले. दोन दिवसांपूर्वीचा, नीमाच्या फोनवर. "पोहोचलो. चटणी संपली, लोकांना आवडली. उद्या पुढे निघतो. मॅडमना सांग."

मला सांगण्यास नीमाने दोन दिवस लावले. का, हे विचारले नाही.

८ मार्च, रविवार

इ.कडून काही नाही. सचिनने उस्मानचा क्रमांक मिळवून फोन लावला. उस्मान फार वेळ बोलला. सचिनला त्यातले थोडे कळले, रडणे कळले. आता उस्मानच म्हणतो आहे की आपण भावाला पाठवायला नको होते. म्हणजे पूर्वपक्षाचा मूळ वादीही पक्ष सोडून गेला.

"लई रडत हुता वो म्याडम," सचिन म्हणाला. माझ्याकडे न पाहता. स्टेशनवरच्या दिवसापासून तो माझ्याकडे पाहून बोलत नाही. माझ्यासाठीचा चहा मात्र वेळेवर येतो.

संध्याकाळी निखिल. "उन्हाळ्यात येऊ का? सुट्टी मिळेल असं दिसतंय."

प्रयोजन काय, असे ओठांवर आले होते. थांबले.

"आई? नेटवर्क गेलं का?"

"नाही. विचार करते आहे."

"बरं, काही घाई नाही," तो म्हणाला. त्याने तो वेळ ऐकला की नाही, मला कळले नाही.

१७ मार्च, मंगळवार

ऊन चढले. दुपारी पत्रा तापतो, माग तरी चालतात. आज वर्गात शिकवताना 'म्हणून' या शब्दापाशी अडखळले. पूर्वी कधी झाले नव्हते.

इ.कडून नाही.

२१ मार्च, शनिवार

ईद. सुट्टी द्यावी असे सचिनचे मत होते. मुले म्हणाली, येतो. चाची शीरखुर्म्याचे भांडे घेऊन माडी चढून आल्या. वाट्या मांडल्या. एक जास्त. कोणी काढली नाही.

फळ्यावर शनिवारचा क्रम नीमा लिहिते. आज तिने एकच नाव लिहिले होते: इद्रीस.

मी म्हणाले, "हे काय?"

"मॅडम, नियम तुमचा. ज्याने मत मांडले, त्याने उत्तर द्यायचे. त्याचे झाल्याशिवाय पुढचे नाव येत नाही."

"तो इथे नाही."

"म्हणून आम्ही बसतो आहोत."

पाचही जण बसले, पुढे सरकून, नेहमीसारखे. सचिन दारात. माग ईदमुळे बंद. इतकी शांतता या माडीत मी प्रथम ऐकली. वाट्यांवर साय धरू लागली. शेवटी चाचीच म्हणाल्या, "बोलो ना बाई. कोई तो कुछ बोलो. बच्चा सुन्ता रैंगा."

तो ऐकत असेल, याला कोणतेही प्रमाण नाही.

मी उठून त्याच्या रिकाम्या जागेसमोर उभी राहिले. उत्तरपक्ष मी तयार केला होता. पाच आठवडे करते आहे. घरी टेबलावर आहे.

म्हणाले, "ये."

मराठीत. पुढे कारण जोडले नाही. कोणी अर्थ विचारला नाही. सचिनने मात्र प्रथमच माझ्याकडे पाहिले.

मुले खाऊन गेली. फळा पुसायला घेतला, नाव तसेच ठेवले. चाचींनी भांडे आवरले आणि भरलेल्या वाटीवर ताटली झाकली. "ये रैन दो हितंच," म्हणाल्या, दोन भाषा एका वाक्यात.

उद्या रविवार. निखिलचा फोन येईल.