ठमीआजी दुसऱ्या डिस्कवर

४ मे, रविवार
कुलूप! माझ्याच फोल्डरला!
कॉम्प्युटर माझा, आतले आवाज मी रेकॉर्ड केलेले — आणि मशीन म्हणतंय, परवानगी नाही.
जुनी सिस्टीम बसली म्हणून शिळफाट्यावरून नवी छोटी डिस्क आणली, लिनक्स परत टाकलं. मोठी डिस्क आत तशीच ठेवली, सगळा डेटा तिच्यावर. क्लिक केलं की पासवर्ड मागते. दिला की उघडते. माझ्या फोल्डरपाशी आली की थांबते.
त्या फोल्डरात ठमीआजी आहे. तिचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गेल्या वर्षी आमच्या ओटीवर बसवून घेतलेले. आमच्या कडावात तिच्याशिवाय लग्न लागत नव्हतं. मांडवात गाऊन देवांना बोलावणारी धवलारीण ती! फेब्रुवारीत घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. परत येणार नाही.
आणि पंधरा तारखेला तिच्या नातीची हळद. अक्षदाची.

५ मे
अक्षदा येऊन गेली. "लोधिवलीची धवलारीण नको मला. आजीच पायजे."
म्हटलं, उघडेल गं.
तिची आई, जयवंताकाकी, दारातूनच — "मशीनीत घातलीस म्हातारीला, ती काढायचं पण शिकायचंस ना आधी!"
सगळे हसले. मला नाही जमलं.

६ मे
नाही उघडलं.

८ मे
शेवटी साईराजला पुण्याला फोन. भावाला विचारायचं जिवावर येतं, पण काय करणार.
"फोल्डर कोणाच्या नावावर दिसतोय?"
नावच नाही. नुसता आकडा. १००१.
"मग बरोबर हाय. मशीन नाव नाय बघत, नंबर बघतं. जुन्यावर पहिलं खातं माझं होतं — १०००. तुझं दुसरं. नव्यावर तू एकटीच, म्हणून आता तू १०००."
म्हणजे मशीनच्या लेखी मी साईराज! त्याचा फोल्डर उघडून बघितला. सरळ उघडला.
"ह्या कविता कुणाला रं?"
"बंद कर! बंद कर गं आधी!"
मालकी बदलायची कमांड सांगितली त्याने. फक्त तुझ्या फोल्डरवर मार, म्हणाला. अख्ख्या सिस्टीमवर मारलीस तर सगळंच झोपेल. तीनदा वाचली, मग एन्टर.
कुलूप गेलं.
आवाज लावला. आई आतून पिठाचे हात तसेच घेऊन आली आणि उभीच राहिली.

९ मे
सारखा पासवर्ड नको, चालू करताच डिस्क आपोआप लागावी — म्हणून सेटिंगच्या फाईलीत एक ओळ लिहिली. एक अक्षर चुकलं. मशीन चालूच होईना! दिवस गेला. ओळ सुधारली तेव्हा डिस्क बिनबोभाट हजर.

११ मे, रविवार
ठमीआजी ऐकायला आली. स्वतःच्या आवाजासमोर बसली, गळ्यावर हात ठेवून. शेवटपर्यंत ऐकलं. मग मान हलवली — नाही.
ओठ हलले. काकीला ते वाचता येतात. "देव नाय त्यात, म्हनतात."
मला कळेना. काकी थोडी चिडूनच — "अगं, ओटीवर कशाला बोलवायचं देवांना? मांडव नाय, नवरी नाय. आले तर बसायचं कुठं त्यांनी?"
म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी देवाचं नाव आलं की आजी जमिनीवर थाप मारायची आणि गप्प व्हायची. मला वाटलं, दम घेते! त्या थांबण्यांवर मी चार पानं लिहिली होती. 'श्वासाची लय' म्हणे. आज वाचवेनात.
नावं डिस्कवर नाहीतच. मी एवढं उघडलं ते काय उघडलं?
काकीला विचारलं, अजून कुणाला येतात? "धवलारीण दुसऱ्या धवलारणीलाच देते. सासूबायपाशी शिकाया बसलं कोन?"

१३ मे
साईराज म्हणतो, मधल्या रिकाम्या जागा कापून टाक, सलग होईल, कुणाला कळतंय?
कापल्या. सुंदर लागलं! गुळगुळीत.
आजीच्या घरी घेऊन गेले. आजी ऐकताना भिंतीकडे बघत राहिली. अक्षदानेच बंद केलं. "बिनदेवाचं लगीन लावतेस का माझं?"
मग आजीने माझा हात धरला, तळहातावर थाप मारली. थांबली. परत मारली.
काकी म्हणाली, "जसं हाय तसंच लाव, म्हनतात."

१५ मे
हळद. आजी नवरीशेजारी पाटावर. स्पीकरमध्ये आजी. थाप आली, गाणं थांबलं — आणि पाटावरच्या आजीचे ओठ हलले. आवाज नाही. मांडवातल्या बायांनी पदर सावरून हात जोडले. गाणं पुढे गेलं. दर थापेला तसंच.
मी समोरच होते, फोन हातात. ओठांचा व्हिडिओ घेतला असता तर नावं मिळाली असती.
फोन उचलला नाही. मान खाली घातली.