ओहेलोची पहिली ओंजळ

३ ऑगस्ट
आलो एकदाचे! हिलोचा दमट किनारा मागे राहिला, इथे वर भरदुपारी शाल लागते. नाहोआचं घर पत्र्याचं, चिमुकलं. पण आता माझंसुद्धा. लग्नाला आज अकरा दिवस झाले. घरामागे लाव्ह्याचा काळा उतार आणि त्यावर गुडघाभर उंचीची ओहेलोची झुडपं, लाल फळांनी लगडलेली. मी एक तोडून तोंडात टाकणार, तोच नाहोआने हात धरला. त्याने पहिली ओंजळ पेलेसाठी, इथल्या ज्वालामुखीच्या देवीसाठी, किलाउएआच्या विवराकडे उधळली, काहीतरी पुटपुटला, मग मला खाऊ दिलं. फळं आंबटगोड आहेत.

७ ऑगस्ट
कुंपणाच्या कामावर जाण्याआधी तो रोज उतारावर जातो. त्या पेलेशी किती हळुवार बोलतो! माझ्याशी असा कधी बोलला नाही. सासूबाई अळूच्या कंदांची पोई कालवताना म्हणाल्या, “अगं लोके, देवी आहे ती, सवत नव्हे!” मायलेक खो खो हसले. मीही हसले, पण अंगाचा तिळपापड झाला होता.

१२ ऑगस्ट
जळते मी तिच्यावर. लपवू कशाला? आज त्याला स्पष्ट सांगितलं, पहिली ओंजळ मला, नाहीतर उद्याच हिलोला परत जाते. त्याने ओंजळभर फळं तोडली. मग त्याने पहिलं फळ माझ्या तोंडात घातलं. तिला उरलंसुरलं मिळालं. जिंकले!

१३ ऑगस्ट
सासूबाईंना कळलं. रागावल्या नाहीत, पण माझ्याजवळ बसेनात. एवढंच म्हणाल्या, “इथलं पहिलं ते तिचं. तुला पहिलं व्हायचं होतं ना, बाई?”

१५ ऑगस्ट
पोईचा पहिला वाडगा मला. पहिला मासा मला. सासूबाई समोर ठेवतात आणि मागे न बघता जातात. नाहोआ आता माझ्याशी तिच्याशी बोलायचा त्याच हळुवार आवाजात बोलतो. माझ्याकडे बघत मात्र नाही.

१७ ऑगस्ट
जमीन गरम लागते. फक्त माझ्या पायांखाली. हिलोला जायला निघाले — धुकं — चालत राहिले, तर पुन्हा हाच उतार.

१८ ऑगस्ट, सकाळ
त्याने माझ्या गळ्यात ओहेलोची माळ घातली. चल म्हणाला. नाही गेले तर एकटाच जाईल. तिच्याकडे. तेही सोसवत नाही —

विवराच्या काठावर. वाफ. तो बोलतोय, किती गोड — माझ्याशी नाही, माझ्या पलीकडे — नाहोआ, आधी तू, म्हटलं. हसला. नाही गं, पहिली तू —