एकोणिसावा फर्मा

३ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळी ६

लायब्ररीच्या वाचक गटात आजपासून जायचं नाही, असं ठरवलं होतं. तेच सांगायला गेले आणि दोन तास बसले.

या महिन्याचा विषय गॉथिक कादंबरी. ग्रंथपाल मुलीला गॉथिक म्हणजे काय ते सांगता येईना. सहा महिन्यांपूर्वी लागली आहे. सगळं कॉम्प्युटरवर शोधते, कपाटात हात घालत नाही. मग हेडबाईंनी सांगितलं. हेडबाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे विचारलं नाही तरी सांगतात. पंचवीस मिनिटं घेतली. मी एका वाक्यात उरकलं असतं. घर मोठं, माणसं कमी, आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी आहे हे आपल्याला दहाव्या पानावर कळतं, पण त्या घरातल्या बाईला दोनशे पानं कळत नाही.

पद्धत अशी की प्रत्येकाने एक कादंबरी सुचवायची. महिना संपला की हात वर करून एक निवडायची. ती दाराजवळच्या काचेच्या कपाटात लागते, खाली कार्ड: शिफारस अमुक यांची. सलग चार महिने हेडबाईंचं कार्ड आहे. मला कार्डाचं काही नाही. लोकांनी भिकार वाचू नये, एवढंच.

गटातल्या डेंटिस्टने सुचवली ती एका नवरीची, जिला जिवंतपणी पुरतात. म्हणाला, काकू, अशी ओढून नेते की सुटका नाही. दात उपटणाऱ्याला आणखी काय आवडणार.

ठरवलं: एकच पुस्तक सुचवायचं, पण असं की पुन्हा कोणी तोंड उघडू नये.

५ नोव्हेंबर, सोमवार

पुस्तक मिळालं. ‘बंद जिन्याचं घर’. तळाच्या फळीवर होतं. निवड निव्वळ गुणांवर केली. बांधणी ह्यांची निघाली, हा योगायोग. ह्यांनी सव्वीस वर्षं या लायब्ररीची पुस्तकं बांधली. कापडी पाठ, दुहेरी दोरा. एकही तक्रार नाही. आता येतात ती डिंकाने चिकटवलेली. उघडलं की पानं मांडीवर. मी तसली वाचत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

मुलीचा फोन. म्हणाली, आई, बाबा गेल्यापासून सहा वर्षं तू फक्त त्यांनी बांधलेलीच पुस्तकं वाचतेस, लक्षात आलंय का तुझ्या. मी म्हटलं, चांगली पुस्तकंच पुन्हा बांधायला येतात. तिला लॉजिक कळत नाही.

७ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी

पान १४०. घरातली बाई विधवा आहे. स्वतःच सगळं सांगते, मी असं केलं, मी तसं केलं. जिना बंद का आहे ते बघायला दिवसा जात नाही. संध्याकाळ व्हायची वाट बघते, मग मेणबत्ती घेते, आणि ती वाऱ्याने विझली की हिला नवल वाटतं. अक्कल म्हणून नाही.

नवऱ्याला जाऊन वर्ष झालंय आणि जिन्यात त्याची पावलं ऐकू येतात. बाई घाबरून पलंगावर उशी घट्ट धरून बसते. यात घाबरण्यासारखं काय, मला कळलं नाही. आपलाच माणूस. विचारावं, चहा टाकू का.

८ नोव्हेंबर, गुरुवार

संपलं.

काल वाईट लिहिलं ते मागे घेते. म्हणजे पहिली २८८ पानं तशीच आहेत. पण २८८व्या पानावर बाई जिन्याखालच्या दाराला हात लावते, धुराचा वास येतो, आणि समोरच्याच पानावर एकदम सकाळ. अंगण. बदकं. ‘मी’ जाऊन ‘ती’ आली आहे. ती बदकं मोजते आहे. एक कमी भरतं. मागून नवरा येतो आणि विचारतो, माझ्या सपाता कुठे ठेवल्यास. ती सांगते, जिथे काढल्यास तिथेच. मग सोळा पानं दोघं मिळून बदक शोधतात.

बस. भूत नाही, किंकाळी नाही, खुलासा नाही. मेलेला माणूस आला आणि सपाता मागितल्या. मी आजवर एवढी पुस्तकं वाचली, पण असं धाडस पाहिलं नाही. ‘मी’ची ‘ती’ करणं तर फारच थोर. दुःखातून बाहेर पडलेली बाई स्वतःकडे लांबून बघते, असा त्याचा अर्थ. हेडबाईंना हा जन्मात लागणार नाही.

डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. घर नीट झाडायला हवं.

१० नोव्हेंबर, शनिवार

सुचवलं. शेवट सांगितला नाही. एवढंच म्हटलं की शेवटची सोळा पानं बसून वाचा, उभ्याने झेपणार नाहीत.

हेडबाई म्हणाल्या, हे पुस्तक माझ्या घरी आहे, दोनदा वाचलंय, शेवटी घर जळतं. मी म्हटलं, घर जळत नाही. त्या म्हणाल्या, अहो जळतं, नवऱ्याचा सांगाडा जिन्याखाली सापडतो आणि बाई जळते. मी म्हटलं, नवरा येतो, सपाता मागतो. डेंटिस्टने विचारलं, काकू, सांगाडा सपाता मागतो का.

त्यावर सगळ्यांनी पाच मिनिटं मजा केली. हेडबाईंची आवृत्ती स्वस्तातली, काटछाट केलेली असणार. त्यांचं सगळंच तसं.

ठरलं की पुढच्या शनिवारी दोन्ही प्रती समोर ठेवायच्या. हे मीच सुचवलं. मला आनंद आहे.

१४ नोव्हेंबर, बुधवार

शेवट पुन्हा वाचला. तपासणीसाठी. कालही वाचला होता. तोही तपासणीसाठीच.

१७ नोव्हेंबर, शनिवार

हेडबाईंनी आपली प्रत आणली, शाळेच्या वहीसारखं कव्हर घालून, त्यावर लेबल. दोन्ही पुस्तकं टेबलावर उघडली. २८८ पर्यंत अक्षर न् अक्षर सारखं. त्यांच्या २८९व्या पानावर आग. माझ्या २८९व्या पानावर बदकं.

डेंटिस्टने खिशातून भिंग काढलं. सुट्टीच्या दिवशीही बाळगतो. म्हणाला, कागद बघा, शेवटचे कागद जरा पिवळट आहेत, हा तुकडा दुसऱ्या पुस्तकाचा आहे. मग ग्रंथपाल मुलगी उठली आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच तिने कपाटात हात घातला. अर्ध्या तासाने ‘तळ्याकाठी’ नावाचं पुस्तक घेऊन आली. नवरा-बायको, अंगण, बदकं, शांत संसार. एक बदक हरवतं. समोरच्या पानावर घराला आग लागते आणि जिन्याखाली सांगाडा.

सहा वर्षांत अकरा जणांनी ते वाचून परत दिलं. एकाने मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलं आहे: शेवट जरा अनपेक्षित. बाकी दहांनी तेवढंही नाही. हे वाचक.

डेंटिस्ट डोळे पुसेपर्यंत हसला. हेडबाई म्हणाल्या, बांधलं कोणी हे, झोपेत बांधलं का. माझ्याकडे बघून म्हणाल्या. रोख कळला मला. सगळ्या खोलीला कळला असणार. मी म्हटलं, छापखान्याची चूक आहे. पर्स उचलली आणि निघाले.

वाटेत लक्षात आलं, लायब्ररीची दोन्ही पुस्तकं माझ्याच पिशवीत आली आहेत.

१८ नोव्हेंबर, रविवार

हेडबाईंचं सुडाचं राजकारण आहे. कार्डावर डोळा. त्यासाठी गेलेल्या माणसाच्या कामाला नावं ठेवायची. आता लायब्ररीभर हेच चालणार, की बाइंडरचं शेवटी शेवटी काही खरं नव्हतं.

माझी खात्री आहे, हे पुस्तक ह्यांनी बांधलेलंच नाही. कोणीतरी नक्कल केली आहे.

दुपारी ४. मागचा पुठ्ठा उघडून पाहिला. बांधणी झाली की हे आतल्या बाजूला पेन्सिलने महिना लिहायचे, बारीक. दोन्हीवर आहे. फेब्रुवारी.

मे महिन्यात हे गेले.

फेब्रुवारीत गोळ्यांमुळे ह्यांना आकडे दिसत नव्हते. शिवण हाताला पाठ होती, ती डोळे मिटून यायची. पण पुस्तक शिवण्याआधी सोळा सोळा पानांचे फर्मे सुटे असतात. ते आकडा बघून एकाखाली एक लावायचे असतात. ते काम ह्यांना जमत नव्हतं.

फर्मे मी लावून देत होते.

१९ नोव्हेंबर, सोमवार

नीट विचार केला. चूक झालेली नाही. अठराव्या फर्म्यानंतर एकोणिसावा लावायचा असतो. दोन्ही पुस्तकांत अठरानंतर एकोणिसावाच आहे. कोणत्या पुस्तकाचा एकोणिसावा, हे फर्म्यावर छापायला नको का. एकाच छापखान्याने एकाच मापाची दोन पुस्तकं काढली, त्यात बाईमाणसाने काय करावं.

शिवाय त्या दिवशी हे मला म्हणत होते, जरा बस इथे, काम होत राहील. म्हणून मी गप्पा मारत लावत होते.

ठरवलं: हा विषय बंद. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

२४ नोव्हेंबर, शनिवार

गेले नाही. गुडघा.

ग्रंथपाल मुलीचा फोन. म्हणाली, काकू, दोन्ही पुस्तकं तुमच्याकडे आहेत ना, फेकणार नाही आम्ही, सुतळीने एकत्र बांधून ठेवू, दोन्ही मिळून न्यायची. फक्त खराब पुस्तकांच्या नोंदवहीत चढवावी लागतील. त्यात बांधणी कोणाची ते लिहितात.

फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच उभी होते. गुडघ्याचं मग आठवलं.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

ठरलं. सगळ्यांसमोर सांगणार. भाषण लिहिलं, चार पानं. सव्वीस वर्षांचं काम, एकही तक्रार नाही, आणि जी चूक निघाली ती बाइंडरची नसून त्याच्या बायकोची. ह्यांच्या नावाला लागलेला डाग मी स्वतःच्या हाताने पुसणार. आरशासमोर म्हणून पाहिलं, नऊ मिनिटं होतात. ‘डाग’पाशी आवाज जातो. तो शब्द बदलला.

हेडबाईंची मान खाली जाईल. मी मोठ्या मनाने त्यांना पाणी देईन.

१ डिसेंबर, शनिवार

आधी मतदान झालं. बोलायची परवानगी मागायला मी हात वर केला, तो हेडबाईंच्या कादंबरीला मत म्हणून मोजला गेला. त्या एका मताने निवडून आल्या. पाचवं कार्ड.

मग भाषण. मी दुसऱ्या पानावर असताना खुर्च्या सरकायला लागल्या. तिसऱ्या पानापर्यंत तिघं उरले. हेडबाई उठून जवळ आल्या. म्हणाल्या, अहो, तुमचे यजमान बांधायचे होय ही पुस्तकं, मला कुठे माहीत, मी आपली सहज बोलले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. तोंड बघूनच कळलं. डेंटिस्टलाही माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. सहा वर्षं मी ज्या नावाला जपत होते, ते कोणी काढलंच नव्हतं.

डेंटिस्टने विचारलं, काकू, ती बदकांची सोळा पानं आधी मला मिळतील का. पुस्तकं दिली.

शेवटी मी आणि ग्रंथपाल मुलगी. नोंदवही उघडली तर रकाना आधीच भरलेला. बांधणी: अज्ञात. मी म्हटलं, अज्ञात कसं, ही ह्यांची बांधणी आहे. ती म्हणाली, हे म्हणजे कोण.

सांगितलं. पूर्ण नाव, आडनावासकट. लग्नानंतर एवढ्या स्पष्ट आवाजात मी ते कधी घेतलं नसेल. तिने ‘अज्ञात’ खोडलं आणि वर नाव लिहिलं.

मग मी म्हटलं, आता शेऱ्यात लिही, फर्मे बायकोने चुकीचे लावले, बाइंडरचा दोष नाही. ती म्हणाली, काकू, रकाना बघा केवढा आहे, कोणी लावले ते नको, काय झालं तेवढं पुरे. लिहिलं: फर्मे चुकीचे लागले. आणि सही करून वही माझ्याकडे वळवली, बघा बरोबर आहे का.

सव्वीस वर्षांत या लायब्ररीत ह्यांचं नाव कुठे लिहिलेलं नव्हतं. आता एका ठिकाणी आहे. त्याच्या पुढ्यात चूक लिहिलेली आहे, आणि ती माझी आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. तिथे ‘अज्ञात’ होतं तेच बरं होतं. ते मीच खोडायला लावलं.

नावातला एक काना राहिला होता. तेवढा तिच्याकडून पेन घेऊन मी दिला.