तिसरं पेडल

दादा,

रागावशील म्हणून आधीच सांगून टाकते. तू घेऊन दिलेल्या डिझेल पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मी काढून टाकला. आता तिला क्लच आहे आणि हाताने टाकायचे गिअर.

माझा डावा पाय मोडला तेव्हा क्लच दाबायलाच लागू नये म्हणून तू ही गाडी कुठून कुठून शोधून आणलीस. तिच्याच जिवावर मी धंदा टिकवला. पण पाय बरा झालाय म्हटलं की तुझं ठरलेलं, "घाई कशाला करतेस?"

सगळं जोडून झालं आणि गाडी स्टार्टच होईना. गॅरेजचा मिस्त्री गाडीखालून म्हणाला, "ताई, ही अजून जुन्या गिअरबॉक्सलाच विचारतेय, चालू होऊ का म्हणून. तो तर कोपऱ्यात पडलाय."

त्याने जुन्या गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या आणि ती एका झटक्यात चालू झाली. मला हसू आवरेना. आपली आईही तशीच, माझी काठी अजून रोज पुसून दाराशी ठेवते.

गेटपाशी मी दोनदा गाडी बंद पाडली. मग डाव्या पायाने क्लच हळूहळू सोडला आणि निघाली बाई एकदाची.

हे पत्र टाकणार नाही. तुला फोनवर ओरडायची संधी कशाला देऊ? रविवारी मीच येतेय. तुझ्या घराजवळच्या चढावर गिअर बदलल्याचा आवाज आला की तू खिडकीत येशीलच. तो माझा डावा पाय असेल.

तुझी हट्टी,
धाकटी