मागची बाजू

तारीख ९, सोमवार

बारक्या,

पत्राची सुरुवात खुशालीने करावी असं बाबांनी शिकवलं, म्हणून विचारते. बरा आहेस ना? जेवण जातं? तुझ्या बायकोचे गुडघे काय म्हणतात? माझं बरं चाललं आहे. घसा बसला होता, आता सुटला. झाली खुशाली. आता कामाचं.

माझ्यासमोर टेबलावर एका कागदाची नक्कल आहे. तुझ्या आरोग्य खात्याकडे दोन अर्ज, एक अपील आणि सात महिन्यांचे हेलपाटे झाल्यावर मिळालेली. मृत्यूनोंदीचा फॉर्म. नाव बाबांचं. वय एक्क्याऐंशी. व्यवसाय: निवृत्त मुद्रितशोधक. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात दोनच चौकोन छापलेले आहेत, ‘साथ’ आणि ‘इतर’. खूण ‘इतर’वर. खाली नोंदणी अधिकाऱ्याची सही. ती सही कुणाची हे मला कुणी सांगायला नको. ते अक्षर मीच गिरवून घेतलं होतं तुझ्याकडून, कान धरून.

इतर!

चाळीस वर्षं छापखान्यात बसून ज्या माणसाने जगाच्या चुका लाल पेन्सिलीने काढल्या, त्याच्या मरणावर तू हा शब्द लिहिलास? आठवतं का, कुठे ‘इतर’ किंवा ‘वगैरे’ दिसलं की बाबा समासात प्रश्नचिन्ह काढायचे? ‘इतर म्हणजे कोण रे बाबा? लिहिणाऱ्याला शोधायचा कंटाळा आलाय.’ वसतिगृहातून मी पाठवलेली पत्रंसुद्धा ते तपासून परत पाठवायचे. प्रेमाच्या मजकुराखाली सहा लाल रेघा. अशा माणसाला नऊ दिवस श्वास पुरला नाही, आणि त्याच्या मुलाने लिहिलं, हृदय जुनं होतं, सबब इतर.

तुमच्या खात्याने चार वर्षांपूर्वी साथीच्या त्या दोन महिन्यांत चारशे बारा माणसं या एका शब्दात कोंबली. रोज सायंकाळी प्रवक्ते टीव्हीवर यायचे, इस्त्रीच्या शर्टात, आणि आकडा सांगायचे. आज फक्त अकरा. आज फक्त नऊ. ‘फक्त’ हा शब्द मेलेल्या माणसांच्या आधी लावायला जीभ कशी वळते, हे मला त्यांच्या आईला विचारायचं आहे. रुग्णालयाच्या दारात गाड्यांची रांग आणि पत्रकात आकडा उतरतोय! लोकांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवला. दुकानं उघडली, लग्नं लावली, म्हाताऱ्यांना भेटायला गेले. खोटा आकडा नुसता कागदावर बसून राहत नाही, बारक्या. तो घराघरात जाऊन दार उघडतो. तीस वर्षं मी इतिहास शिकवते. राज्य करणाऱ्यांनी रोगराई लपवल्याची किती उदाहरणं हवीत तुला? आणि प्रत्येक वेळी राजाने नव्हे, कारकुनाने लिहिलेलं असतं ते. शांतपणे, सुवाच्य अक्षरात.

चौकशी समितीची जाहीर सुनावणी शुक्रवारी आहे. खात्यातर्फे साक्षीला तू येणार, हे मला वर्तमानपत्रातून कळलं. शिक्षक संघटनेतर्फे मी बोलणार आहे, हे तुलाही तसंच कळलं असेल. वाचनालयाच्या ग्रंथपालांचा फॉर्म माझ्याकडे आहे. बावन्न वर्षांचा धडधाकट माणूस, ‘इतर’. तो मी वाचणार. आणि शेवटी बाबांचा वाचणार. सहीसकट.

बाबांना कुठे लागण झाली हे मी तेव्हापासून सांगत आले आहे. शहरातले कानाचे सगळे दवाखाने बंद करून तुम्ही एकच उघडा ठेवलात, आणि यंत्राची बॅटरी बदलायला ऐंशी म्हातारे एका जिन्यावर तीन तास उभे केलेत. तिथेच. माझ्या सभेलाही ते आले होते हे खरं, पण तिथे सगळे तोंड बांधून बसले होते. जरा कोंदट होतं, एवढंच. तासाभराची तर सभा. असो.

नोकरी सोड आणि खरं बोल. नाहीतर शुक्रवारी समोर बस.

ताई


तारीख ११, बुधवार

ताईस नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तू पत्रातसुद्धा भाषणच करतेस. पुढच्या वेळी टाळ्या कुठे वाजवायच्या तेवढं समासात लिहीत जा.

हिचे गुडघे तसेच आहेत. विचारल्याबद्दल आभार. चार वर्षांत पहिल्यांदा विचारलंस.

तुला इतिहास शिकवता येतो, तारखा येत नाहीत का? बाबा कानाच्या दवाखान्यात गेले ते तुझ्या सभेच्या तेवीस दिवस आधी. मीच नेलं होतं. जिन्यावर नऊ जण होते. ऐंशी तुझ्या भाषणात झाले. सभा रविवारी. गुरुवारी ताप.

सोबत एक कागद पाठवतो आहे, म्हणून पत्र माणसाहाती. नक्कल नाही, मूळ फॉर्म आहे. बाबा गेले त्या दिवशी मी आधी हा भरला. खूण ‘साथ’वर. ‘साथ’ लिहिलं की मागची बाजू भरावी लागते. लागण कुठे, कधी, सोबत कोण होतं. तीही भरली. नंतर हा खिशात घातला आणि दुसरा भरला. ‘इतर’ लिहिलं की मागची बाजू कोरी चालते. तुला मिळाली ती नक्कल फक्त पुढची. मागची तू मागितली नाहीस.

त्या आठवड्यात साहेब बंदी मोडून सभा घेणाऱ्यांची यादी करत होते. वर कुणीतरी दोषी हवा होता. मागची बाजू तशीच गेली असती, तर दुसऱ्या दिवशीच्या पत्रकात तुझं नाव असतं. बापाचा जीव घेणारी पुढारीण. तुला उचललं असतं आणि बाबांना पोचवायला मी एकटा असतो.

आता पुढचं वाच, कारण हे तुला कुठल्याही अर्जात मिळणार नाही. खात्यातला पहिला ‘इतर’ बाबांचा. त्याआधी आम्ही हृदय, मधुमेह, काही असलं तरी साथ म्हणजे साथच लिहीत होतो. साहेबांनी फॉर्म पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘असं पण बसतं होय?’ एवढंच. सकाळी माझ्या टेबलावर अकरा फॉर्म होते, ‘वडिलांसारखे करा’ अशा चिठ्ठीसह. नाही म्हणालो असतो तर बाबांचा फॉर्म उघडला असता. मग रोजच येत गेले.

मला तुझी सहानुभुती नको. वाचायचं तर शुक्रवारी दोन्ही बाजू वाच. अर्धा कागद वाचून लोकांना पेटवायची तुझी जुनी सवय आहे.

बारक्या


तारीख १२, गुरुवार

बारक्या,

‘सहानुभूती’तला ‘भू’ दीर्घ. बाबांनी रेघ मारली असती.

ती तुला मिळणारही नाही, काळजी करू नकोस. काल दुपारपासून तुझा कागद समोर घेऊन बसले आहे. तीन वर्गांना सुट्टी दिली. पोरं खूश. तुझ्यावरचा राग निम्मा होईल असं तुला वाटलं असेल. झाला नाही. उलट आता तो ठेवायला जागा पुरेना.

मला वाचवायला सांगितलं होतं कुणी? विचारलंस एका शब्दाने? मी तुरुंगात गेले असते तर जाऊन आले असते. त्याआधी दोनदा जाऊन आलेच होते, तिथलं पाणीसुद्धा मला मानवतं. पण तू मला न विचारता वाचवलंस, आणि त्याची किंमत म्हणून चारशे अकरा माणसांची नोंद साहेबाच्या हातात दिलीस. याला तू माया म्हणत असशील. मी याला तुझा जुना भित्रेपणाच म्हणेन, फक्त या वेळी त्याला माझं निमित्त मिळालं. लहानपणी बरणी मी फोडली की तू ‘मांजराने’ सांगायचास. मार दोघांचा चुकायचा. हे मांजर फार महाग पडलं रे.

आता मागची बाजू. तुझं अक्षर. ‘लागण संभाव्य ठिकाण: वाचनालयावरचं सभागृह. उपस्थिती: अंदाजे एकशे वीस. आयोजक: रुग्णाची मुलगी.’ शेवटच्या ओळीत, ‘इतर तपशील’ या छापील शब्दांपुढे तू काहीच लिहिलेलं नाहीस. तिथे काय लिहायचं ते तुला माहीत नव्हतं. तू सभेला नव्हतास. मी होते. मी सांगते.

पन्नास खुर्च्यांची ती खोली. लोक भिंतीला टेकून उभे. बंदी होती, म्हणून तर आले होते. खाली रस्त्यावर पोलिसांची गाडी फेऱ्या मारत होती. बाबा पहिल्या रांगेत, चांगला कान कर्ण्याकडे करून. भाषणाला मी उभी राहिले आणि पहिल्या दोन वाक्यांत लक्षात आलं की आवाज बाहेर जातोय. बोलणाऱ्याला हे लगेच कळतं. शब्द खोलीत भरत नाही, खिडकीतून सांडतो. पुढच्या माणसाचा चेहरा पेटत नाही. मी थांबले आणि माइकवरून म्हणाले, ‘खिडक्या लावून घ्या.’ पोलिसांना ऐकू जाऊ नये म्हणून लावल्या, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खोटं. पोलिसांनी ऐकावं असंच मला वाटत होतं. आवाज वाया जाऊ नये, एवढ्यासाठी लावल्या.

त्या ग्रंथपालांनी लावल्या. लांब आकड्याची काठी घेऊन, एकामागून एक, सहाही. जाता जाता मला हाताने खूण केली, आता ठीक?

आणि ठीक झालं. काय बोलले मी त्या दिवशी! सरकार हवा विकतंय म्हणाले. लोक ओरडत होते, माणूस माणसाच्या कानात ओरडत होता, तोंडाचे रुमाल गळ्यात आले होते. अर्ध्या तासाने बाबा उठले. काठी टेकत खिडकीशी गेले आणि कडी काढायला लागले. त्यांना गुदमरत होतं की काय, मी विचारलं नाही. मी माइकवरून म्हणाले, ‘बाबा, बसा. इथे संपादन मी करते आहे.’

लोक हसले. खूप हसले. बाबाही हसले, कडी सोडली, आणि परत येऊन बसले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चार वर्षं मी कानाच्या दवाखान्याचा जिना सांगते आहे. इतक्यांदा सांगितला की त्यावर ऐंशी म्हातारे मला दिसायला लागले. तू नऊ म्हणतोस. नऊच असतील.

ग्रंथपाल सभेनंतर एकोणीस दिवसांनी गेले. मागची बाजू कोरी राहिली म्हणून त्या एकशे वीस जणांना कुणी विचारायला गेलं नाही, सांगायला गेलं नाही, की घरात म्हातारं असेल तर वेगळे राहा. ग्रंथपालांच्या बायकोच्या शेजारी उभी राहून मी सरकारला शिव्या घातल्या. तिने माझा हात धरला होता.

म्हणून ऐक. उद्या मी दोन्ही बाजू वाचणार आहे. मूळ कागद. तुझ्या साहेबाची चिठ्ठी ठेवली असशील तर घेऊन ये, नसेल तर शपथेवर सांग. सरकारला मी सोडणार नाही. चारशे अकरा माणसं ‘इतर’ नव्हती, हे मी त्या समितीच्या टेबलावर हात आपटून सांगणार. तू कुणाला घाबरून हे लिहिलंस, तेही विचारणार, आणि उत्तर देताना माझ्याकडे बघायचं, नखांकडे नाही. त्यानंतर खिडक्यांचं सांगणार. पुढच्या रांगेत ग्रंथपालांची बायको बसते, प्रत्येक सुनावणीला बसते. तिला माझ्या तोंडून कळेल.

सरकारी पक्ष नाचेल. प्रवक्त्यांना आठवडाभराचं खाद्य मिळेल, आमच्या संघटनेतले लोक म्हणतील हिने घात केला. म्हणू देत. दुसऱ्यांचा खोटा आकडा मोडायला निघाले होते, स्वतःचा खिशात घेऊन.

तुझी नोकरी जाईल. कदाचित त्याहून जास्त. माझ्यावर काय येईल ते येईल. आपण दोघं एका बाकावर बसू असं समजू नकोस, मी अजून तुझ्याशी बोलत नाही आहे. पण तुझ्या बायकोला पाठव, तिला मी धरून जिना चढवीन. सुनावणी वरच्या मजल्यावर आहे.

सकाळी मी समितीच्या शिपायाला फोन केला होता. म्हणाला, ‘बाई, मागच्या वेळी रस्त्याचा आवाज फार येत होता, या वेळी खिडक्या लावून घेऊ का?’ मी त्याला सांगितलं, सगळ्या उघड. मी ओरडून बोलेन.

तुझा फॉर्म मी पूर्ण केला आहे. शेवटची ओळ भरली, लाल पेन्सिलीने. ‘इतर’ खोडून.

उद्या अकरा वाजता.

खिडक्या लावायला सांगणारी,
मृताची मुलगी